खाली बघणारी पोर

ओस्केमेन, कझाकस्तान
१४ नोव्हेंबर २००४

आदरणीय जुल्काफिल आगाय,

तुमच्या शाळेतून बाहेर पडून बावीस वर्षं झाली, पण तुम्हाला पत्र लिहायला बसले की पाठ आपोआप ताठ होते आणि नखं कापलेली आहेत का ते मी बघून घेते. कापलेली आहेत.

पत्र काबदोल्लाच्या जीपने पाठवते आहे. पोस्टाने पाठवलं तर ते रशियाच्या नाक्यांवर मुक्काम करत, हवापालट करत दोन महिन्यांनी बायान-उल्गीला पोचतं. काबदोल्ला दहा दिवसांत पोचतो, फक्त वाटेत पत्र वाचतो. (काबदोल्ला, वाचून झालं की घडी नीट घाल.)

तुमची नात सुखरूप आहे. कुनसुलू जेवते, झोपते, अभ्यास करते. वसतिगृहातल्या बिनमिठाच्या चहाला नाक मुरडते, म्हणजे प्रकृती उत्तम. याहून जास्त तिच्याबद्दल मला काही सांगता येणार नाही, कारण अडीच महिन्यांत ती माझ्याशी एक अख्खं वाक्य बोललेली नाही. हे पत्र त्यासाठीच आहे.

आमच्या पूर्वतयारी विभागात यंदा एक नवा विषय आला आहे, आत्मविश्वास. राजधानीत बसलेल्या कोणाच्या तरी लक्षात आलं की मंगोलियातून आणि चीनमधून मायदेशी परतलेली आपली कझाक मुलं विद्यापीठात टिकत नाहीत. का टिकत नाहीत? पुस्तकं रशियन भाषेत आहेत आणि एका खोलीत आठ जण झोपतात, ही कारणं फारच साधी. त्यांच्यावर अहवाल लिहिता येत नाही. आत्मविश्वासावर येतो. म्हणून दर मंगळवारी आणि गुरुवारी मादियार सेरिकोविच नावाचे तज्ज्ञ वर्ग घेतात. वय सव्वीस. बूट असे चकचकीत की ओस्केमेनचा चिखल त्यांना बघून बाजूला सरकतो.

पहिला धडा नजरेला नजर देण्याचा. आपली मुलं वडीलधाऱ्यांपुढे खाली बघतात, घरी तसंच शिकवलेलं असतं. मादियारने लिहून घेतलं, 'भित्री.'

दुसरा धडा आरशाचा. प्रत्येकाने आरशात बघून मोठ्याने म्हणायचं, मी हुशार आहे, मी सुंदर आहे, मी यशस्वी होणार. आता स्वतःच स्वतःची अशी स्तुती केल्यावर दृष्ट लागू नये म्हणून माणूस काय करतो? विसाच्या वीस पोरांनी एकामागून एक आरशावर थू-थू केलं. मादियार पांढरा पडला. वहीत लिहिलं, 'स्वतःबद्दल तीव्र घृणा.' आरसा मी पुसला.

तिसरा धडा, एका मिनिटात स्वतःची ओळख. देलून गावचा सुरागान उभा राहिला. चांगल्या घरचा मुलगा, त्याने रिवाजाप्रमाणे सातव्या पूर्वजापासून सुरुवात केली. पणजोबापर्यंत आला तेवढ्यात शिट्टी वाजली. मादियारने लिहिलं, 'स्वतःबद्दल बोलताच येत नाही.'

या सगळ्याला पन्नास गुण आहेत. कुनसुलूला तीन मिळाले, ते हजेरीचे. माझ्या बीजगणिताच्या तासालाही तेच. कागदावर सगळं बरोबर सोडवते, तोंडी विचारलं की उभी राहते, जमिनीकडे बघते आणि मी 'बस' म्हणेपर्यंत तशीच राहते. मार्चच्या शेवटी समिती बसेल. पंचविसाच्या आतल्यांची नावं यादीतून जाणार, असं ठरतं आहे. यादीत नाव असेल तो विद्यापीठात. नसेल त्याने वसतिगृहाची चादर परत करायची आणि घरी जायचं.

म्हणून विचारते, आगाय. ही पोर पहिल्यापासून अशीच मुकी आहे का?

तुमची विद्यार्थिनी,
जानिल


बायान-उल्गी, मंगोलिया
९ डिसेंबर २००४

जानिल पोरी,

पत्र मिळालं. घडी नीट नव्हती. तिसऱ्या पानावर काबदोल्लाच्या बोटांचं तूप होतं, आरशाच्या मजकुरापाशी. तिथे त्याने बराच वेळ घालवलेला दिसतो.

कुनसुलू मुकी? नऊ वर्षांची असताना जिल्ह्यातून तपासनीस आला होता. त्याने फळ्यावर गणित घातलं आणि उत्तर चुकवलं. आम्ही पाच मास्तर भिंतीला टेकून ते चुकीचं उत्तर मान डोलवत बघत होतो, कारण आम्हाला नोकरी टिकवायची होती. ही पोर उठली आणि म्हणाली, 'काका, तुमचा एक हातचा राहिला.' त्या दिवसापासून तपासनीस आमच्या शाळेला बगल देऊन पुढे जातो.

ती वर्षाची असताना, चालू लागणाऱ्या पोराच्या पायात बांधतात ती दोरी कापायला मी मुद्दाम शेजारच्या बिबीखानला बोलावलं होतं. लोक दोरी कापायला चपळ माणूस शोधतात, म्हणजे पोराला त्याची चाल लागते. मी म्हटलं, चालायला काय, शेळीही चालते. हिला जीभ लागू दे. बिबीखान अंगणात नवऱ्याला बोलली की पलीकडच्या खोऱ्यातल्या मेंढ्या थांबतात. ती काळी-पांढरी दोरी कापताना आठ मिनिटं बोलत होती. पोर रडायचं विसरून ऐकत होती.

तेव्हा मी तुलाच विचारतो. आम्ही बोलती पोर पाठवली. तुम्ही लोकांनी तिचं काय केलंत? आमच्या नदीवर पूल नाही म्हणून दर वसंतात एखादा घोडा तरी वाहून जातो. तो पूल बांधायला शिकायचं म्हणून ती गेली आहे. आरशावर थुंकायला नव्हे. ते तर इथेही फुकट जमलं असतं.

आत्मविश्वासाच्या मास्तरला माझा सलाम सांग. उंटावरून शेळ्या हाकणारे आम्ही इथे रोज बघतो, पण आमच्याकडे निदान उंट तरी खरा असतो.

मला तिची चार पत्रं आली. चारही सारखीच. 'मी ठीक आहे. सांगितल्याप्रमाणे वागते आहे.' चांगली शिस्त आहे.

आणि तू त्या विभागात नेमकं काय करतेस? आरसा पुसतेस हे समजलं. त्यापुढचं लिही. तुला मी सात वर्षं शिकवलं. जाऊन सांग त्या सव्वीस वर्षांच्या पोराला चार शब्द. मी आलो असतो, पण तुला माहीत आहे, तिकडची हवा माझ्या छातीला मानवत नाही. चौऱ्याण्णव साली त्यापायीच परत यावं लागलं.

सोबत दह्याचा वाळवलेला कुर्त पाठवतो आहे, दोन किलो. काबदोल्लाकडून पोचेपर्यंत दीड किलो होईल.

जुल्काफिल


ओस्केमेन
२७ जानेवारी २००५

आदरणीय आगाय,

कुर्त सव्वा किलो पोचला. तुमचा अंदाज या वेळी चुकला.

तुमचं पत्र वाचून मला राग आला होता. तीन दिवस होता. एवढा वेळ कोणावर रागावण्याची मला सवय नाही, त्यामुळे थकवा आला. चौथ्या दिवशी कुनसुलूला घरी बोलावलं. मोठ्या पातेल्यात दूध घालून, मीठ टाकून, आपल्याकडच्यासारखा चहा केला. ती तीन वाडगे प्यायली. तिसऱ्या वाडग्यानंतर मी विचारलं, 'पोरी, तुला कोणी काही बोललं का? वसतिगृहात कोणी त्रास देतं?'

तिने मान हलवली. मग अगदी हळू, पण स्पष्ट, म्हणाली, 'आपाय, मला बोलता येतं. पण मी शब्द दिलाय.'

'कोणाला?'

'ज्यांनी निघताना आशीर्वाद दिला, त्यांना.'

एवढं बोलून तिने वाडगा उलटा ठेवला. आता तुम्हीच सांगा आगाय, त्या पोरीला निघताना आशीर्वाद कोणी दिला? बिबीखानने तर नक्की नाही, नाहीतर ती अजूनही बोलतच असती.

तुम्ही नेमकं काय सांगितलंत तिला? आपल्या मुलांचं तुम्हाला माहीत आहे. वडीलधाऱ्याने हात उघडून आशीर्वादात जे म्हटलं ते त्यांच्यासाठी दगडावरची रेघ असते. मादियारने पन्नास वर्षं वर्ग घेतले तरी ती पुसणार नाही. ज्याने ओढली त्यानेच पुसायची.

आणि छातीचं म्हणाल तर, चौऱ्याण्णवच्या हिवाळ्यात तुम्ही परत गेलात त्याच्या आदल्या आठवड्यात तुम्ही आमच्या घरी आला होतात, आठवतं? लिफ्ट बंद होती. नऊ मजले चढून आलात आणि दारात उभं राहून मला म्हणालात की तुझं गणित कच्चं आहे. धाप लागल्याचं मला काही आठवत नाही.

इथलं सांगते. मादियारने भिंतीवर मोठा कागद लावला आहे, 'मी करू शकतो.' त्याखाली विसांची नावं आणि गुण, सगळ्यांना दिसतील असे. आत्मविश्वास वाढावा म्हणून. सुरागानला अकरा आहेत. परवा मी त्याला त्या कागदासमोर उभं पाहिलं, ओठ हलत होते. मला वाटलं 'मी करू शकतो' म्हणतोय. जवळ गेले तर पूर्वजांची यादी घाईघाईत म्हणून बघत होता, मिनिटात बसते का ते. बसत नव्हती. चौथ्या पूर्वजाला गाळावं का, असं त्याने मला विचारलं.

तुम्ही विचारलंत मी काय करते. पंचवीस मार्चला समिती आहे. संचालक, मादियार आणि आम्ही पाच शिक्षक. मी तिथे उभी राहून सगळं सांगणार आहे. डोळ्यांचं, दृष्ट लागण्याचं, सात पिढ्यांचं. मी ते कागदावर लिहूनही काढलं आहे, मुद्देसूद, तुम्ही शिकवलंत तसं.

फक्त एक सांगून ठेवते. माझी दोरी कापायला आईने कल्पेश मावशीला बोलावलं होतं. आठवते ना ती? स्वतःच्या घरात शिरतानाही दार वाजवणारी. आईला शांत मुलगी हवी होती. मिळाली.

जानिल


बायान-उल्गी
२ मार्च २००५

जानिल,

काबदोल्ला, हे पत्र तुझ्यासाठी नाही. एवढं एक तरी सोड.

आशीर्वाद मी दिला. हात उघडले आणि म्हटलं, 'वाट मोकळी होवो. नजर खाली ठेव, तोंड बंद ठेव, तिथल्या लोकांना तुझ्यावर हसायला कारण देऊ नकोस.' पोरीने 'आमीन' म्हणून चेहऱ्यावरून हात फिरवले. मी समाधानाने चहा प्यायलो. मागच्या पत्रात तुला वर तोंड करून विचारलं, तुम्ही काय केलंत तिचं. ताकाला जाऊन भांडं लपवायची ही माझी पहिली वेळ नाही.

छातीचं खरं सांगतो. ब्याण्णव साली आम्ही गेलो तेव्हा मला वाटत होतं की मायदेश दारात वाट बघत उभा असेल. पंचवीस वर्षं गणित शिकवलेल्या माणसाला त्यांनी मेंढ्या दिल्या. ठीक आहे, मेंढ्याही मोजाव्याच लागतात. पण त्र्याण्णवच्या हिवाळ्यात तालुक्याच्या शिक्षकांची सभा होती. मी गेलो. उभा राहिलो आणि शाळेतल्या मुलांना गणित कसं शिकवावं यावर बोलू लागलो. अर्धे शब्द माझे मंगोल होते, आपण इथे वापरतो ते. मला कळलंही नाही. पुढच्या रांगेत एक बाई हसली. मग तिच्या मागची रांग. मग कोणीतरी म्हणालं, 'हा मंगोल कुठून आला, याला कझाक तरी येतं का?' मी, जुल्काफिल, ज्याच्या बापाने सात पिढ्यांची नावं मला चालायच्या आधी शिकवली. मी खाली बसलो. पुढचं पूर्ण वर्ष बसूनच होतो. मग परत आलो आणि गावाला छाती सांगितली.

म्हणून पोरीला म्हटलं, तोंड बंद ठेव. मला वाटलं तिला वाचवतोय. लोक पोराच्या पायातली दोरी कापतात. मी तिच्या जिभेला बांधली.

सोबत दोरी पाठवतो आहे. काळी आणि पांढरी लोकर, मी स्वतः वळली आहे. म्हाताऱ्या बोटांची आहे, गाठी दिसतील. माझा शब्द मी मागे घेतला असं तिला सांग आणि ती दोरी तिच्या पायात बांधून तू काप. तू कोण, तुझी चाल कशी, ते मला माहीत आहे. कल्पेश मावशीही आठवते. तरी तूच काप. पंचवीस मार्चच्या आत.

जुल्काफिल


ओस्केमेन
१८ एप्रिल २००५

आदरणीय आगाय,

घाटात बर्फ पडला आणि काबदोल्लाची जीप महिनाभर सीमेवर अडकली. तुमचं पत्र बारा एप्रिलला पोचलं. फोडलेलं नव्हतं. काबदोल्लाने ते माझ्या हातात दिलं आणि डोळे पुसले, पण वाचलेलं नाही अशी शपथ घेतली. पाकीट पुन्हा चिकटवलेलं होतं, एवढंच.

म्हणजे पंचवीस मार्चला तुमचं पत्र इथे नव्हतं. त्या दिवशी जे झालं ते तुमच्या परवानगीशिवाय झालं, हे आधी लक्षात घ्या.

लांब टेबल, वर हिरवं कापड. कापड तोकडं, जमिनीच्या बरंच वर संपणारं. टेबलामागे आम्ही सात जण, समोर भिंतीशी ठेंगण्या बाकांवर मुलं. मादियारने तक्ते लावले. नऊ नावं वाचली. 'ही मुलं उच्च शिक्षणासाठी मानसिकदृष्ट्या तयार नाहीत.' नवव्या क्रमांकावर सुरागान, पहिल्यावर कुनसुलू.

संचालकांनी विचारलं, 'कोणाला काही म्हणायचंय?'

माझा कागद माझ्या हातात होता. आगाय, मी उठले नाही. पहिलं वाक्य मला पाठ होतं, तरी उठले नाही. बारा वर्षं या देशात आहे, सगळे कागद आहेत, घर आहे, आणि मला वाटलं की मी तोंड उघडलं की कोणीतरी म्हणेल, ही पण तिकडचीच. मी हिरव्या कापडाकडे बघत राहिले. तुम्हाला पत्रातून टोमणे मारणारी मी. शरम वाटते लिहायला, पण तुम्ही तुमचं लिहिलंत, तर मीही लिहिते.

संचालक म्हणाले, 'मग ठरलं.' तेवढ्यात बाकावरून आवाज आला, 'मला एक मिनिट देतात ना? मला दोन लागतील.'

कुनसुलू उभी होती. मादियारचा हात सवयीने शिट्टीकडे गेला. संचालक म्हणाले, 'बोल.'

'मी कुनसुलू. जुल्काफिलची नात. वरचे सहा पूर्वज वेळेअभावी गाळते, सुरागान सांगेल.' कोणीतरी हसलं. ती थांबली, हसू संपू दिलं आणि पुढे बोलली. 'आजोबांनी निघताना सांगितलं होतं, खाली बघ आणि गप्प राहा. त्यांचं मी आज पहिल्यांदा मोडतेय, त्याचं काय व्हायचं ते माझं मी बघीन. पण सात महिने मी खाली बघितलंय. खाली बघितलं की बूट दिसतात. मला इथले सगळे बूट पाठ झालेत.

'मादियार आगाय, तुम्ही आम्हाला ताठ उभं राहायला सांगता तेव्हा तुमचे बूट छान असतात. पण संचालक दारातून आत आले की तुमचा डावा बूट उजव्याच्या मागे लपतो. संचालक साहेब, आम्ही पाळीने तुमच्या खोलीची फरशी पुसतो. राजधानीतून फोन आला की तुम्ही बूट काढता आणि मोज्यांवर उभे राहता. आत्ता या टेबलाखाली चौदा बूट आहेत. एकही स्वस्थ नाही. जानिल आपायचे तर एकमेकांना धरून बसलेत. आम्ही घाबरतो, हे खरंय. पण आमचे गुण भिंतीवर लावले. तुमचे कोणी लावले?'

मग म्हणाली, 'मला पूल बांधायचेत. पूल नजरेला नजर देऊन उभा राहत नाही. माझी परीक्षा घ्यायची तर गणिताची घ्या. नाही जमलं तर चादर धुऊन परत करीन.' आणि बसली.

संचालकांनी सावकाश वाकून टेबलाखाली बघितलं. मग सगळ्यांनीच बघितलं. सात मोठी माणसं हिरव्या कापडाखाली डोकी घालून एकमेकांचे बूट बघत होती. वर आल्यावर संचालकांचा चेहरा लाल होता. मला वाटलं संपलं. ते म्हणाले, 'या नऊ जणांची गणिताची परीक्षा घ्या. सोमवारी.'

सात पास झाले. कुनसुलूला पूर्ण गुण, सुरागानला पुरते. दोघं राहिले. ती दोघं खरंच चादर देऊन गेली, आणि मला रोज त्यांची आठवण येते, कारण त्यातल्या एकीला मी पुरेसं शिकवलं नव्हतं.

मादियारचं काय झालं, विचाराल. त्याचा अहवाल राजधानीला गेला. 'वर्गाचे ठळक यश: सर्वांत अबोल विद्यार्थिनी सात महिन्यांत समितीसमोर निर्भयपणे बोलू लागली.' सोबत कुनसुलूचा फोटो. वर्गाला आणखी दोन वर्षं मंजूर झाली आहेत. नव्या तक्त्यात एक रकाना वाढला आहे, 'पायांची स्थिती.'

आता तुमची दोरी. बारा तारखेला तुमचं पत्र मी कुनसुलूला वाचून दाखवलं, सगळं, सभेचंही. ती रडली. आजोबांचा शब्द मोडला म्हणून अठरा दिवस तिने नीट जेवण केलं नव्हतं, हे मला तेव्हा कळलं. मग नाक पुसून म्हणाली, 'आजोबांना उशीरच झाला. माझी तर कापून झाली.' दोरी हातात घेऊन गाठी चाचपत बसली. मी म्हटलं, 'आता हिचं काय करायचं?'

तिने माझ्या पायांकडे बघितलं. म्हणाली, 'आपाय, बूट काढा.'

मी नाही म्हटलं. मी एकोणचाळीस वर्षांची आहे, शिक्षिका आहे, वसतिगृहाच्या ओट्यावर बसले आहे, मुलं बघत आहेत. बोलता बोलता तिने दोरी बांधलीसुद्धा. स्वयंपाकघरातल्या कात्रीने कापली. मग एक हात तिने धरला, एक सुरागानने, आणि लहान पोराला चालवतात तसं मला लांब व्हरांड्यातून चालवत नेलं. मुलांकडे उधळायला मिठाई नव्हती, म्हणून त्यांनी तुमचा उरलेला कुर्त उधळला. तो दगडासारखा वाळला होता. नेमका तो मंगळवार होता, आत्मविश्वासाच्या तासाचा. एक कुर्त मादियारच्या बुटावर बसला आणि तिथे टवका उडाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी संचालकांच्या खोलीत गेले. उभी राहून म्हटलं की एका खोलीत आठ जण झोपतात, ते चार झाले पाहिजेत, आणि पुस्तकं कझाकमध्ये हवीत. संचालक खाली बघत होते. चार नाही, सहा झाले. पुस्तकांचं बघू म्हणाले. पुन्हा जाईन.

जानिल


बायान-उल्गी
६ मे २००५

जानिल पोरी,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं, आणि दुसऱ्यांदा मोठ्याने, कारण बिबीखान दारात उभी होती आणि जायला तयार नव्हती. बुटांपाशी पोचलो तेव्हा ती एवढी हसली की पलीकडच्या खोऱ्यातल्या मेंढ्यांची खरंच काळजी वाटली. मग म्हणाली, 'जीभ माझीच आहे हो पोरीची.' मी वाद घातला नाही.

कुनसुलूला सांग, माझा शब्द मोडल्याबद्दल मी रागावलो आहे. नियम म्हणून. आणि पोटभर जेव म्हणावं, हा नवा शब्द, हा मोडायचा नाही.

काल गावात मेंढ्यांच्या लोकरीची कातरणी होती, सगळे जमले होते. चहाच्या वेळी मी उभा राहिलो आणि सांगितलं की माझी छाती कधीच बिघडली नव्हती. सभेचं सांगितलं, हसणाऱ्या बाईचं सांगितलं. पाय कसे होते ते मी बघितलं नाही. मग बिबीखान म्हणाली, 'जुल्काफिल, हे आम्हाला अकरा वर्षांपासून ठाऊक आहे. तू कधी सांगतोस याची वाट बघत होतो. चहा घे, निवला.'

आता कामाचं. दोरी कापल्यावर दोन तुकडे झाले असतील. मी ती लांब वळली होती, मोठा तुकडा म्हाताऱ्याच्या घोट्यांना पुरेल. जुलैत कुनसुलू सुट्टीला येईल तेव्हा तो तिच्याबरोबर पाठव. कात्री इथे आहे.

ऑगस्टमध्ये ती परत निघेल तेव्हा तुझ्याकडे दोन माणसांचा चहा टाक, मीठ घालून. तुमच्या मुलांना तोंडी गणित शिकवणारं कोणी नाही असं दिसतं, आणि हा मंगोल अजून विसरलेला नाही. काबदोल्लाच्या जीपमध्ये एक जागा जास्त लागेल, ते त्याला वेगळं सांगू नकोस. त्याने हे पत्र वाचलेलं असेल, जागा धरून ठेवलेलीच असेल.

जुल्काफिल